दोन वर्षांच्या मुलाला मारायच्या स्प्रेमधला ब्युटेन-प्रोपेन गॅस घातक असतो का?

ताई, तुमच्या नणंदेने बाहेरदेशातून सनस्क्रीनचा स्प्रे आणला, तुम्ही तो दोन वर्षांच्या मुलाला काही वेळा मारला, आणि नंतर डब्यावर ब्युटेन, आयसोब्युटेन, प्रोपेन ही नावं वाचून घाबरलात. हा स्वयंपाकाचाच गॅस ना, आणि आता पोराला काही होईल का, असं तुम्ही विचारलंय. मी फार्मासिस्ट आहे, जळगावात माझं मेडिकल आहे. उन्हाळा लागला की असे डबे घेऊन बरेच आईबाप काउंटरवर येतात.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. मूल नीट खेळतंय, जेवतंय, खोकला किंवा धाप नाही, तर कसलीही तपासणी करू नका. हा गॅस अंगात साठून राहत नाही, श्वासावाटे लवकर बाहेर पडतो. कातडीवर तर तो टिकतच नाही. आयसोब्युटेन उणे 12 अंशाच्या आसपास उकळतो, प्रोपेन उणे 42 ला. डब्यात दाबाखाली तो पातळ असतो, बटण दाबलं की उकळून उडतो आणि जाता जाता औषध बाहेर ढकलतो. सलग थोडा वेळ दाबून धरलं की डबा हातात गार पडतो, तो यामुळेच. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांचे घटक तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळाने 1982 मध्ये हे वायू त्या वापरापुरते सुरक्षित ठरवले होते.

आणि हो, गॅस तोच. फरक वासाचा. सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास लावलेला असतो, स्प्रेमधला वास काढून शुद्ध केलेला असतो. म्हणजे तो खोलीत पसरला तरी नाकाला कळत नाही. देवघरात निरांजन लावलंय, आत ओट्यावर गॅस पेटलाय आणि शेजारी उभं राहून पोराच्या अंगावर स्प्रे मारणं चाललंय, असं कधीही करू नका. हवेत जेमतेम दोन टक्के ब्युटेन असला तरी तो पेट घेतो.

एवढं सगळं सांगूनही माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या लहान मुलाच्या अंगावर थेट स्प्रे मारू नये. कातडीची मला काळजी नाही, श्वासाची आहे. फवाऱ्यासोबत सनस्क्रीनचे बारीक थेंब हवेत उडतात, पावडरच्या स्प्रेत टाल्क उडतं, आणि ते गॅससारखं उडून जात नाही, छातीत जाऊन बसतं. मोठा माणूस निवांत बसलेला असताना मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो, या वयाचं मूल 25-30, कधी त्याहून जास्त. त्यात ते तोंड उघडं टाकून रडत असतं. शिवाय ब्युटेन हवेच्या दुप्पट जड, तो खाली फरशीकडे उतरतो, आणि मूल खेळतं तिथेच. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत तर नकोच. मुलाला बाळदमा असेल तर घरात कुणीच त्याच्याजवळ स्प्रे वापरू नये, बाबांचा डिओसुद्धा.

अजून एक गोष्ट, कारण ती खरी घडलेली आहे. हे वायू पेट्रोलियममधून येतात, शुद्धीकरण कमी पडलं तर त्यात बेन्झीन राहू शकतं, आणि बेन्झीनने कॅन्सर होतो. जुलै 2021 मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने अमेरिकेत काही स्प्रे सनस्क्रीन बेन्झीन सापडल्यामुळे परत मागवले. ऑक्टोबर 2022 मध्ये युनिलिव्हरने ड्राय शाम्पू परत घेतले, तेव्हा तर बेन्झीन गॅसमधूनच आल्याचं कंपनीने सांगितलं. प्रत्येक डब्यात ते असतं असं मुळीच नाही. पण लोशनची साधी ट्यूब मिळत असताना पोरासाठी हा प्रश्न ओढवून का घ्यायचा?

त्यामुळे ट्यूबमधलं किंवा हाताने दाबायच्या पंपाचं लोशन घ्या. झिंक ऑक्साइडचं मिळालं तर उत्तम. खरं तर आपल्याकडच्या मे महिन्यात अकरा ते चार मूल घरात, आणि बाहेर पडलंच तर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि टोपी, एवढं केलं की सनस्क्रीनची गरजच थोडी उरते. आणलेला डबा वाया घालवायचा नसेल तर मुलाला आत ठेवून अंगणात जा, स्वतःच्या तळहातावर मारा, फेस बसेपर्यंत थांबा. गॅस उडून गेला, उरलं ते लोशन. मग आत येऊन हाताने चोळा. डासांच्या स्प्रेलाही हीच पद्धत, फक्त मुलाच्या हातांना आणि डोळ्यांजवळ लावू नका.

कधी डोळ्यात गेलंच तर साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. खोकला थांबत नसेल, श्वास जोरात चालत असेल किंवा मूल सुस्त पडलं तर लगेच डॉक्टर गाठा, डबा सोबत न्या.

डबा ठेवायच्या जागेचाही विचार करा. त्यावर 50 अंशांपेक्षा जास्त उष्णतेत ठेवू नका असं लिहिलेलं असतं. भुसावळला सावलीतच 45 होतं. लग्नाला जाताना उन्हात लावलेली गाडी बंद काचांमध्ये सहज 50 च्या वर जाते. पत्र्याखालच्या फळीवरही नको. आणि संपलेला वाटला तरी त्यात थोडा गॅस उरतोच, म्हणून त्याला खिळा मारू नका आणि गल्लीत कचरा पेटवतात त्या ढिगात टाकू नका. घंटागाडीत वेगळा द्या.