दाबाखालचा ऑक्सिजन पेशींत काय करतो?

प्रश्न : साध्या श्वासानेच रक्तातील हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते, असे वाचनात आले. मग बंद कक्षात अधिक दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिल्याने पेशींना अधिक काय मिळते? आणि त्याने अपाय होऊ शकतो का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. दाब वाढवून हिमोग्लोबिनवर फारसा जादा ऑक्सिजन चढत नाही. वाढतो तो रक्तद्रवात थेट विरघळलेला ऑक्सिजन. एरवी १०० मिलिलिटर रक्तात तो जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. वातावरणाच्या तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतल्यास तो सुमारे ६ मिलिलिटर होतो, आणि विश्रांतीच्या स्थितीत ऊती साधारण तेवढाच ऑक्सिजन रक्तातून उचलतात. डच शल्यविशारद ईटे बोएरेमा यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जवळजवळ सर्व तांबड्या पेशी काढून घेतलेली डुकरे अशा कक्षात काही काळ जगवून दाखवली होती. चिघळलेल्या जखमेत केशवाहिन्या विरळ असतात; तेथे हा विरघळलेला ऑक्सिजन अधिक दूरवर झिरपतो आणि कोलॅजन (जखम भरून काढणारे तंतुमय प्रथिन) विणणाऱ्या, तसेच जंतू मारणाऱ्या पेशींना उपयोगी पडतो.

अपायाचा उगमही पेशीतच आहे. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रात, ऊर्जा तयार होताना काही इलेक्ट्रॉन वाट चुकून ऑक्सिजनला मिळतात व सुपरऑक्साइड हा मुक्तमूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे एकट्या इलेक्ट्रॉनमुळे चटकन अभिक्रिया करणारा कण) तयार होतो. विशिष्ट विकरे (एन्झाइम) त्याचा निचरा करतात. परंतु ऑक्सिजन बेसुमार झाला की ती अपुरी पडतात आणि पेशीपटलातील मेद, लोह-गंधकयुक्त विकरे व डीएनए यांना इजा होऊ लागते. मेंदूवरील परिणाम, म्हणजे झटके, फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच नोंदवले होते. फुप्फुसांचा दाह लॉरेन स्मिथ यांनी १८९९ मध्ये दाखवला. या साऱ्यामागे मुक्तमूलके असावीत, हा विचार मात्र रेबेका गर्शमन यांनी १९५४ मध्ये मांडला.

गंमत अशी की हीच मूलके अल्प प्रमाणात पेशीला इशारा देतात आणि त्या इशाऱ्याने संरक्षक विकरांची निर्मिती वाढते. म्हणूनच उपचाराचा दाब सहसा दोन ते तीन वातावरणांइतका व अवधी दोन तासांपर्यंतच ठेवतात, आणि अनेकदा मधूनमधून काही मिनिटे साधी हवा देतात. ‘पेशींना नवचैतन्य’ मिळावे म्हणून निरोगी व्यक्तीने हा उपचार घेण्यास मी सुचवणार नाही. फुप्फुसाबाहेर हवा साठून फुप्फुस दबले असेल, तर त्यावर आधी इलाज केल्याशिवाय कक्षात जाणे जिवावर बेतू शकते.