नीसला मुक्काम, बाकीचं रेल्वेनं

दक्षिण फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर, म्हणजे नीस, कान (कान्स) ही शहरं असलेल्या कोत दाझूरला सुट्टीसाठी निघालेल्या वाचकांचे हे काही प्रश्न.

प्र. मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच जाणं शक्य आहे. समुद्रात डुंबायचंय आणि लॅव्हेंडरची शेतंही बघायची आहेत. जमेल ना? (पुणे)

उ. खरं सांगायचं तर दोन्ही जमणार नाही. लॅव्हेंडर जूनच्या अखेरीस फुलतं आणि जुलैच्या मध्यापासून त्याची कापणी लागते. शिवाय ते किनाऱ्यावर नसतंच. त्याच्या शेतांचं वालांसोलचं पठार नीसहून गाडीनं दोन-अडीच तास आत आहे. मेच्या सहलीच्या जाहिरातीवर जांभळ्या शेताचा फोटो दिसला, तर तो जुलैचा आहे असं समजा. समुद्राचं पाणीही मेमध्ये १७-१८ अंशांच्या आसपास असतं. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेली आपली माणसं त्यात घोट्यापर्यंत जातात आणि परत फिरतात. मुलं मात्र खुशाल पोहतात.

तरीही मे महिना मला जुलै-ऑगस्टपेक्षा बरा वाटतो. ऊन सोसवतं, गर्दी आवरलेली असते, सूर्य साडेआठ-नऊला मावळतो. लॅव्हेंडरऐवजी ग्रास गावाला जा. अत्तरांच्या या गावाभोवती मे हा गुलाबाचा महिना असतो. फुलं सकाळी हातानं खुडतात. गावातल्या फ्रागोनार अत्तर कारखान्यात मोफत फिरवून माहिती देतात. बाहेर पडण्याचा रस्ता अर्थातच दुकानातून जातो.

तारखा ठरवताना दोन गोष्टी बघा. मेच्या मध्यापासून कानचा चित्रपट महोत्सव असतो आणि मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला मोनाकोची फॉर्म्युला वन शर्यत. त्या दिवसांत नीसपर्यंतच्या हॉटेलांचे भाव डोळे फिरवतात. आणि १ मे! आपला महाराष्ट्र दिन, त्यांचा कामगार दिन. दुकानं, संग्रहालयं बंद, बस-ट्राम तुरळक किंवा बंदच. खाण्यापिण्याचं आदल्या दिवशीच आणून ठेवा. त्या दिवशी कोपऱ्याकोपऱ्यावर साधी माणसं पांढऱ्या घंटेसारख्या म्युगे फुलांच्या जुड्या विकायला उभी असतात. एरवी परवान्यावाचून न चालणारा हा धंदा त्या एका दिवशी कुणालाही करता येतो.

प्र. नीस, कान आणि मोनाको इथे दोन-दोन रात्री राहावं आणि भाड्यानं गाडी घ्यावी असा बेत आहे. ठीक आहे का? (ठाणे)

उ. बॅगा भरण्या-सोडण्यातच सुट्टी संपेल. सगळ्या रात्री नीसला राहा. विमानतळावरून ट्राम थेट शहरात येते आणि किनाऱ्याला चिकटून जाणारी लोकल गाडी बाकीचं सगळं दाखवते. विलफ्रांश सात-आठ मिनिटांवर, मोनाको पंचवीसेक मिनिटांवर, आँतीब आणि कान दुसऱ्या दिशेला अर्ध्या तासाच्या आसपास. मोनाकोकडे जाताना उजवीकडची खिडकी पकडा. बोगदा संपला की निळं पाणी, परत बोगदा, परत पाणी. गाडीतल्या आणि स्टेशनावरच्या गर्दीत पाकीट, मोबाइल मात्र सांभाळा.

भाड्याची गाडी इथे गळ्यात पडते. पार्किंग महाग, गल्ल्या अरुंद. आतल्या डोंगरगावांत किंवा वालांसोलला जायचं असेल त्या एका दिवसापुरती घ्या. सेंट ट्रोपेला रेल्वेच नाही आणि उन्हाळ्यात तिथला रस्ता तुंबलेला असतो. पहिल्या फेरीत ते गाव वगळलं तर काही बिघडत नाही.

एझला जाताना हमखास फसगत होते. स्टेशन समुद्राकाठी आहे आणि फोटोत दिसणारं दगडी गाव चारशेहून जास्त मीटर वर. मधल्या पायवाटेला तत्त्वज्ञ नीत्शेचं नाव आहे, पण उन्हात ती चढताना तत्त्वज्ञान सुचत नाही. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर नीसहून थेट वरच्या गावाची बस धरा.

वारही सांभाळा. नीसमधली मातीस आणि शागाल या चित्रकारांची दोन्ही संग्रहालयं मंगळवारी बंद असतात. कूर सालेयाचा फुलांचा आणि भाजीचा बाजार सोमवारी नसतो, त्या दिवशी तिथे जुन्या वस्तू मांडतात. आँतीबला पिकासो १९४६ मध्ये ज्या गढीत काम करत होता तिथेच त्याचं संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद.

प्र. आम्ही पूर्ण शाकाहारी, आई अंडंही खात नाही. तिथे निभाव लागेल का? (सांगली)

उ. नीसमध्ये लागेल, आणि चांगला लागेल. तिथला रस्त्यावरचा खास पदार्थ म्हणजे सोका. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल. बस्स. भलीमोठी तांब्याची गोल परात, त्यात हे पातळ पीठ ओतून लाकडाच्या भट्टीत सारतात. वरून डाग पडेपर्यंत भाजलं की उलथन्यानं खरवडून, वेडेवाकडे तुकडे कागदावर टाकून देतात. वर काळी मिरी. आपल्या बेसनाच्या धिरड्याचीच ही चुलत बहीण, फक्त कडा कुरकुरीत आणि पोट मऊ. गरम असतानाच हातानं खा. निवलेला सोका चामट होतो. त्याच पिठाच्या तळलेल्या वड्या पानीस नावानं मिळतात. रातातुई ही भाज्यांची रस्साभाजीही चालेल.

फसवे पदार्थही आहेत. पिसालादिएर ही कांद्याची पोळी दिसायला सात्त्विक, पण तिच्यात अँकोवी मासा असतो. नीस सॅलडमध्ये अंडं आणि मासे असतात, पाँ बान्या म्हणजे तेच पावात. चीजबद्दल आई काटेकोर असतील तर आधीच सांगतो, पार्मेझान, रोकफोर, काँते ही चीजं वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. जेवणाच्या वेळाही पाळाव्या लागतात. दुपारी बारा ते दोन, मग स्वयंपाकघर बंद, रात्री सात-साडेसातनंतर पुन्हा सुरू. नळाचं पाणी मागितलं तर फुकट मिळतं, ‘कराफ दो’ म्हणा. आत शिरताना आधी ‘बाँजूर’, मग मागणी. हे विसरलात तर वेटरचा चेहरा बघा.

घरून काय न्यावं? चिवडा, चकली, मेतकूट, खुशाल. पेढे, बर्फी, तूप नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. मेमध्ये निघताना हापूसची पेटी न्यायचा मोह होतो, पण फळाच्या आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आंबाही चालत नाही.

प्र. सावरकरांनी उडी घेतली ते मार्सेय नीसहून करता येईल का? (नाशिक)

उ. येईल. रेल्वेनं साधारण अडीच तास. सकाळी लवकर निघून रात्री परत. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या गोल खिडकीतून निसटून सावरकर पोहत धक्क्याला लागले. फ्रेंच पोलिसानं त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या भूमीवरची ही अटक वैध का, हा वाद हेगच्या लवादापर्यंत गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला.

ही सगळी जागा नजरेत घ्यायची तर नोत्र-दाम द ला गार्द चर्चच्या टेकडीवर जा. तिथून जुनं बंदर, पलीकडचा जोलिएतचा धक्का आणि बेटं एकदम दिसतात. माझं म्हणाल तर त्याच दिवशी माझार्ग दफनभूमीलाही जावं. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या सप्टेंबरअखेरीस हिंदी फौजा याच मार्सेयला उतरल्या. त्यातल्या अनेकांची स्मृती तिथे जपलेली आहे, आणि फारसे भारतीय पर्यटक तिकडे फिरकत नाहीत.

प्र. सासू-सासरे बरोबर आहेत. बीचवर अवघडल्यासारखं होईल का? (कोल्हापूर)

उ. उघड्या अंगानं ऊन खाणाऱ्या बायका दिसतील. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही, तुम्हीही बघू नका. सासऱ्यांना प्रोमनाद दे-झाँग्ले या समुद्राकाठच्या रस्त्यावरच्या निळ्या खुर्चीत बसवा, समुद्र तिथूनही तेवढाच दिसतो. नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, पाण्यात घालायचे रबरी बूट न्या. मुलांना वाळू हवी तर विलफ्रांश किंवा आँतीब. भरती-ओहोटी जवळपास नाहीच. पोहण्याच्या सार्वजनिक तलावांत ढगळ बर्म्युडा चालत नाही, पुरुषांनाही अंगाबरोबरचीच चड्डी लागते.

प्र. मोनाको आणि इटलीसाठी वेगळा व्हिसा लागतो का? (बडोदा)

उ. नाही. जास्त रात्री फ्रान्समध्ये असतील तर फ्रान्सकडे शेंगेन व्हिसाचा अर्ज करा, मोनाको आणि इटली त्यातच येतात. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, एप्रिलपर्यंत थांबू नका. शुक्रवारी इटलीच्या हद्दीतल्या व्हेंतिमिल्याच्या बाजाराला गेलात तर मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. परतीच्या गाडीत सीमेवरच्या माँतोंजवळ फ्रेंच पोलीस चढतात आणि मोबाइलमधला फोटो त्यांना पुरत नाही.