‘हिला जन्मभर सासूच करावी लागणार का?’

प्रश्न : माझी मुलगी एस.वाय.बी.ए.ला आहे. यंदा युवक महोत्सवात तिला अभिनयाचं दुसरं बक्षीस मिळालं. भूमिका होती कजाग सासूची. तेव्हापासून कॉलेज सोडून मुंबईला जायचं म्हणते. तिथल्या एका अभिनयाच्या क्लासवाल्यांनी फोटो बघून सांगितलं, ‘चेहरा हिरोईनचा नाही, पण सहा महिन्यांचा कोर्स केला तर मालिकेत खलनायिका म्हणून लावून देऊ.’ फी दोन लाख चाळीस हजार. हिचे पप्पा रेल्वेत आहेत, पैसे पीएफमधून काढावे लागतील. माझ्या सासूबाई म्हणतात, ‘मंथरा होऊन बसेल जन्मभर.’ काही सुचत नाही. धाकटी नऊ वर्षांची आहे, तिलाही एका मालिकेसाठी विचारलंय.
– एक आई, मनमाड

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुमच्या सासूबाईंचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मंथरा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जी बाई उभी राहिली असेल ती ‘रामायण’ मालिकेत मंथरा झालेली अभिनेत्री ललिता पवार. आणि ही बाई तुमच्या शेजारची! जन्म १९१६ सालचा, येवल्याचा. मूळचं नाव अंबा, आडनाव सगुण, वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. मनमाडहून येवला किती लांब, तुम्ही पैठणीला गेलाच असाल.

रामानंद सागर यांचं ‘रामायण’ दूरदर्शनवर सुरू झालं ते जानेवारी १९८७ मध्ये. तेव्हा ललिताबाई सत्तरीच्या होत्या. पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या त्या १९२८ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ नावाच्या मूकपटात, बालकलाकार म्हणून. म्हणजे मूकपट, बोलपट, रंगीत सिनेमा आणि शेवटी टीव्ही, असं सगळं एकाच बाईनं पाहिलं आणि प्रत्येक ठिकाणी तिला काम होतं. सासूबाईंना सांगा, ‘मंथरा होऊन बसली’ हे खरं नाही. साठ वर्षं काम करत राहिली, त्यातलं एक काम मंथरेचं. ते इतकं चोख झालं की बाकीचं लोक विसरले. त्याला शाप म्हणायचं की कमाई, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी अर्धं-अर्धं म्हणेन, आणि का ते पुढे सांगते.

आधी चेहऱ्याचं बोलू. ललिताबाई तरुणपणी नायिकाच होत्या. मूकपटांत नायिका, पुढे बोलपटांत स्वतःची गाणी स्वतः म्हणणारी नायिका, कारण तेव्हा पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं. १९३८ च्या ‘दुनिया क्या है’ची तर निर्मितीसुद्धा त्यांनी केली. मग १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकार मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. हात चुकून जोरात बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला इजा झाली. उपचार लांबले आणि डोळा कायमचा बारीक राहिला. वय सव्वीस. नायिका म्हणून दार बंद.

ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि सगळे तिचा शेवट एकाच पद्धतीनं करतात : ‘डोळा गेला म्हणून तर खलनायिका मिळाली.’ माझं याच्याशी भांडण आहे. डोळा बारीक झालेल्या शेकडो बायका असतील, त्यांना कोणी आनंदीबाई दिली नाही. १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’त ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई ललिताबाईंना मिळाली, कारण अपघाताच्या आधी त्यांच्या गाठीला चौदा वर्षांचं काम होतं. आवाज कुठे दाबायचा, मान किती वळवायची, दिवा कुठे आहे आणि आपली सावली कुठे पडते, हे अंगात मुरलेलं होतं. चेहरा बदलला, हुन्नर तोच राहिला. आणि बदललेला चेहरा हुन्नरानं वापरून घेतला.

म्हणून ताई, क्लासवाल्यांनी फोटो बघून जे निदान केलं ते मला बिनकामाचं वाटतं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचा चेहरा अजून तयार व्हायचाय. आणि ‘हिरोईनचा नाही’ हे ऐकवून लगेच ‘पण आमच्याकडे इलाज आहे’ म्हणणं ही कुठल्याही धंद्यातली जुनी युक्ती आहे. आधी दुखणं सांगायचं, मग औषध विकायचं. या व्यवसायात भूमिका देणारा माणूस नटाला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. शिकवण्याची फी घ्यायला हरकत नाही, पण ‘लावून देऊ’ या शब्दाची फी असेल तर तिथे पीएफचा एक रुपयाही घालू नका. तरी मन मानत नसेल तर एवढंच करा : ‘लावून देऊ’ हे लेटरहेडवर लिहून मागा, आणि नाही लावलं तर पैसे परत, हेही. पुढचा फोन बहुतेक येणार नाही.

आता सासूच्या भूमिकेबद्दल. तुमच्या लेकीला एक काम देते, फुकटचं आहे. ललिताबाईंचे तीन चित्रपट तिनं बघावेत, आणि प्रत्येकातला एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून.

‘श्री ४२०’ (१९५५) मध्ये त्या मुंबईच्या फुटपाथवरच्या केळेवाल्या आहेत. राज कपूरचा भाबडा तरुण शहरात येतो आणि त्याला आई भेटते ती ही. मग ‘अनाडी’ (१९५९), दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. इथे त्या मिसेस डिसा, ख्रिस्ती घरमालकीण. तोंडानं फटकळ, भाड्यावरून करवादणारी, आणि आतून त्या भाडेकरूसाठी तुटणारी. याच भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. लक्षात घ्या, ज्या बाईला आपण दुष्ट सासू म्हणून ओळखतो तिचं सगळ्यात गाजलेलं बक्षीस मायाळू म्हातारीचं आहे.

आणि तिसरा ‘प्रोफेसर’ (१९६२). हा माझा लाडका, म्हणून इथे जरा थांबते. शम्मी कपूर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन शिकवणीला येतो. घरातली करडी आत्या ललिताबाई. भाच्यांना धाकात ठेवणारी, काठीसारखी ताठ. ही आत्या त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. हळूच नटायला लागते. दिग्दर्शकानं तिची थट्टा उडवायची सोय केलेली आहे आणि आपण हसतोही. पण मधेच एखाद्या क्षणी त्या चेहऱ्यावर असं काही येतं की हसू अडकतं. वाटतं, अरे, या बाईकडे इतकी वर्षं कुणी पाहिलंच नव्हतं की! तोच बारीक डोळा. आदल्या वर्षीच्या ‘जंगली’त तो शम्मी कपूरच्या कडक शिस्तीच्या आईचा होता, इथे तो लाजतो. लेकीला म्हणावं, हे कसं केलं ते वहीत लिही. हात कुठे होते, पदर कधी सावरला, वाक्याआधी श्वास किती घेतला. अशी दहा पानं भरली तर त्या सहा महिन्यांच्या कोर्सच्या पुढे गेलीस समज.

तर अर्धं कमाई हे. उरलेलं अर्धंही सांगायला हवं, नाहीतर मीही क्लासवाल्यांसारखी गोड बोलणारी ठरेन. शिक्का बसतो. ललिताबाईंना मिसेस डिसासारख्या भूमिका थोड्या मिळाल्या आणि छळणाऱ्या सासवा ढिगानं. ‘दहेज’ (१९५०) पासून ‘सौ दिन सास के’ (१९८०) पर्यंत तीस वर्षं तेच दुकान चाललं. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या नटीची ही गत. आजच्या मालिकांत तर शिक्का आणखी लवकर बसतो, कारण रोजचा भाग असतो, प्रेक्षक रोज बघतो. एका मालिकेत कपटी जाऊबाई केली की पुढचे चार फोन कपटी जाऊबाईचेच येतात. यावर उतारा एकच मला दिसलाय, तो म्हणजे नाटक. रंगभूमीवर वीस वर्षांची मुलगी साठीची आजी करते आणि पुढच्या महिन्यात शाळकरी पोरगी. तिथे कोणी फोटो बघून निकाल देत नाही. तुमच्या लेकीनं एकोणिसाव्या वर्षी सासू केली आणि परीक्षकांना पटवली, याला मी ‘चेहरा नाही’ म्हणणार नाही. वयाबाहेरची भूमिका तोलणं फार थोड्यांना जमतं.

तेव्हा कॉलेज सोडायचं नाही. हे मी पालकांना बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, म्हणजे एनएसडीचा, तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, आजवर किमान सहा नाटकं मागत आलेत. शिवाय तिथे विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. पीएफ मोडून सहा महिने एकीकडे आणि शिष्यवृत्तीवर तीन वर्षं दुसरीकडे, हा हिशेब पप्पांपुढे ठेवा. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत पडद्यावरच्या अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथेही पदवी आणि प्रवेशपरीक्षा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, ही आणखी दारं. अटी आणि तारखा दरवर्षी त्या-त्या संस्थेच्या माहितीपत्रकात बघायच्या, माझ्या किंवा कुणाच्याही ऐकीव माहितीवर जायचं नाही. प्रवेश कठीण आहे, जागा मोजक्या. पहिल्या खेपेला नाही मिळाला तर रडायचं नाही.

पदवी हातात येईपर्यंत एकांकिका करायच्या. राज्य नाट्य स्पर्धेत नाशिक केंद्रावर उतरणाऱ्या एखाद्या हौशी संस्थेत जावं. पहिल्या वर्षी प्रॉम्प्टिंग, म्हणजे विंगेतून विसरलेली वाक्यं सांगायचं काम, करायला लावतील, करावं. पडदा ओढायला लावतील, तोही ओढावा. या व्यवसायात अभिनयाशेजारी पुष्कळ कामं आहेत आणि ती माहीत असलेली नटी उपाशी राहत नाही. दुर्गाबाई खोटे बघा. ‘अयोध्येचा राजा’च्या तारामतीपासून ‘मुगल-ए-आझम’च्या जोधाबाईपर्यंत भूमिका केल्या, पण पुढे स्वतःची निर्मितीसंस्था काढून लघुपट आणि जाहिरातपट केले. दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ (१९८८) त्यांच्याच संस्थेची. तेव्हा बाईंचं वय ऐंशीच्या पुढे होतं.

मुंबईला जायची वेळ येईल तेव्हा पैशांचं नीट समजून घ्या. नाटकात ‘नाईट’ मिळते, म्हणजे प्रयोगाचे पैसे प्रयोगाला. मालिकेत मात्र चित्रीकरण आज झालं तर पैसे साधारण नव्वद दिवसांनी येतात, ही तिथली रीतच आहे. म्हणजे काम मिळूनही तीन महिन्यांचं घरभाडं आणि डबा हाताशी हवा. त्या दोन लाख चाळीस हजारांचा खरा उपयोग हा. ते आत्ता मोडू नका, चार वर्षांनी लागतील.

आणि १९४२ ची ती थप्पड विसरू नका. मारामारी, पडणं, आग, पाणी, काहीही असो, आधी तालीम, मग कॅमेरा. थप्पड मारायची नसते, कोन साधून मारल्यासारखी दाखवायची असते. ‘एकदाच खरी मारू, चांगला शॉट होईल’ असं कुणी म्हणालं तर ‘नाही’ म्हणायची सवय लेकीला एकांकिकेच्या तालमीपासूनच लागू दे. नव्या मुलींना सेटवर हा एक शब्द सगळ्यात जड जातो. करारपत्र मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही नाही, त्यात इजा झाली तर खर्च कुणाचा हे लिहिलेलं हवं.

राहिली धाकटी. ललिताबाई लहानपणी स्टुडिओत गेल्या तेव्हा मुलांसाठी असा कायदा नव्हता, आता आहे. चौदा वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांच्या वर काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, शाळा बुडणार नाही याची सोय करावी लागते. मुलीच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावानं मुदत ठेवीत जातो. फोन करणाऱ्यांना यातला परवानगीचा कागद मागा. ‘ते नंतर बघू’ म्हणाले तर तुम्हीही मालिकेचं नंतर बघा, तिची चौथीची परीक्षा आधी आहे.

मोठीला माझ्याकडे यायचं असेल तर वही घेऊन यायला सांगा, ती ‘प्रोफेसर’वाली.