मृत्युपत्र सापडेना, एफडी मोडून कर्ज फेडू का?

प्रश्न: माहेर नागपूरला, प्रतापनगरात. बाबा मार्चमध्ये गेले. आई तिथेच राहते, एक भाऊ पुण्याला, एक अकोल्याला. "मृत्युपत्र करून ठेवलंय, घर आईचं आणि एफडी तुझी," असं बाबा नेहमी म्हणायचे. पण कपाटं, दिवाण, फायली सगळं पालथं घातलं तरी कागद मिळाला नाही. 18 लाखांच्या एफडीवर नॉमिनी मी आहे. एफडीला 6.5 टक्के व्याज मिळतं, माझ्या होम लोनला 8.5 टक्के जातं. पैसे कर्जात भरून टाकू का?

उत्तर: ताई, पैसे ताब्यात घ्या, पण कर्जात भरू नका. निदान सहा महिने तरी नाही.

नॉमिनीला रक्कम दिली की बँक मोकळी होते, तुम्ही होत नाही. ती रक्कम वारसांचीच राहते, हे सुप्रीम कोर्टाने बँक ठेवींबाबत 2010 मध्येच स्पष्ट केलंय. आणि बाबांचं तोंडी सांगणं मृत्युपत्र ठरत नाही. लेखी कागद, त्यावर त्यांची सही आणि दोन साक्षीदार हवेतच. ते नसेल तर हिंदू वारसा कायद्यानुसार आई आणि तुम्ही तिघं, असे चार सारखे हिस्से पडतात (बाबांच्या आई हयात असतील तर पाच). म्हणजे 18 पैकी तुमचे साडेचार लाख.

आता तुमचा 2 टक्क्यांचा हिशेब. थांबल्याने वर्षाला 36 हजार, सहा महिन्यांत 18 हजार बुडतात. घाई केली आणि भावांनी हिस्सा मागितला, तर कर्जात गेलेले साडेतेरा लाख कुठून आणणार? मी 18 हजार सोडून देईन. रक्कम वेगळ्या खात्यात, सहा महिन्यांच्या एफडीत ठेवा आणि दोन्ही भावांना तसं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवा.

शोध मात्र कपाटापुरता ठेवू नका. बाबांचं पासबुक काढा आणि गेल्या काही वर्षांतल्या नोंदी ओळीओळीने वाचा. वकिलाच्या नावाचा चेक, लॉकरचं भाडं, नोंदणी फी, काही ना काही सापडतं. मग साक्षीदार आठवा. आपल्याकडे माणसं सहीला फॅमिली डॉक्टर, ऑफिसातला जुना सहकारी किंवा सकाळी सोबत फिरायला येणाऱ्या मित्राला बोलावतात. मुलांना यातलं काही ठाऊक नसतं. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण केली असेल तर मृत्यूचा दाखला दाखवून दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत मिळते. शहरात अशी कार्यालयं एकाहून जास्त आहेत, एकावर थांबू नका. बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय असते, तिथेही विचारा. लॉकर निघालाच तर बँक साक्षीदारांसमोर यादी करूनच तो उघडून देते, त्या वेळी एक तरी भाऊ हजर असू द्या.

नुसती झेरॉक्स मिळाली तर वकील गाठा. मूळ कागद बाबांच्याच ताब्यात होता आणि सापडत नाही, तर त्यांनीच तो फाडून रद्द केला असावा, असा अर्थ कोर्ट काढू शकतं. तो खोडून काढायला पुरावा लागतो. मुंबईतले व्हिडिओ बघून प्रोबेटची, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्र खरं ठरवून घेण्याची, धास्ती मात्र घेऊ नका. नागपुरातल्या घराच्या, नागपुरातच केलेल्या मृत्युपत्राला ते सक्तीचं नाही.

घराचं म्हणाल, तर आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) सगळ्या वारसांची नावं लावून घ्या, प्लॉट नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) असेल तर तिथेही नामांतर करा. भाऊ प्रेमाने हक्कसोड लिहून देतो म्हणाले तरी शोध संपेपर्यंत थांबवा. नोंदवलेलं हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही, आणि उद्या बाबांचा कागद वेगळंच काही सांगत निघाला तर गुंता वाढेल.

सहा महिन्यांत काहीच हाती आलं नाही, तर मृत्युपत्र नाही असं धरून वाटणी करा. "पुढे मृत्युपत्र सापडल्यास त्याप्रमाणे हिशेब करू," हे वाक्य वाटणीच्या कागदात घालून चौघांच्या सह्या घ्या. आईचे साडेचार लाख तिच्याच नावावर ठेवा, ती नको म्हणाली तरी. तुमचे साडेचार लाख त्या दिवशी कर्जात भरा, आणि बँकेला हप्ता कमी न करता मुदत कमी करायला सांगा.