नानकिंगचा तह, मुंबईचं जहाज आणि नावानिशी विटा

प्रश्न : शाळेत असताना ‘नानकिंगचा तह’ पाठ केला होता. आता नकाशात नानकिंग सापडत नाही. माझा भाचा शांघायला नोकरीला आहे. एप्रिलमध्ये मी आणि माझी बहीण त्याच्याकडे जाणार आहोत. तो म्हणतो, नानजिंग एका दिवसात बघून येता येईल. हेच का ते गाव? आणि बहिणीचे गुडघे दुखतात, तेव्हा नेमकं काय बघावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हो, तेच. ‘नान’ म्हणजे दक्षिण आणि ‘जिंग’ म्हणजे राजधानी. आपण लहानपणी पेकिंग म्हणायचो त्याचं बीजिंग झालं, तसंच हे. गाव तेच राहिलं, रोमन लिपीत लिहायची पद्धत बदलली. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने १३६८मध्ये इथे राजधानी केली. पुढे त्याच्या मुलाने, योंगलने, १४२१मध्ये ती बीजिंगला नेली.

तहाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तीस वर्षं इतिहास शिकवताना ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचे. ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या अफूच्या पहिल्या युद्धात ब्रिटिश आरमार यांगत्से नदीतून वर आलं. बीजिंगला धान्य ज्या मोठ्या कालव्याने जायचं, तो झेनजियांगला यांगत्सेला मिळतो. ते गाव ब्रिटिशांनी घेतलं, राजधानीची रसद तोडली आणि मग नानजिंगसमोर नांगर टाकला. २९ ऑगस्ट १८४२ला ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर तहावर सह्या झाल्या. हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली, वर २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरावे लागले. ही ‘कॉर्नवॉलिस’ आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेली. वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बोमनजींनी ती सागवानात बांधली आणि १८१३मध्ये ती पाण्यात उतरली. माळव्याची अफूही मुंबईहूनच चीनला जायची. म्हणून हा तह ‘चीनचा इतिहास’ या धड्यापुरता ठेवू नये, असं मला फार वाटतं. त्यात मुंबईचा पैसा आहे आणि मुंबईच्या सुतारांचा घामही.

आता तुमचा दिवस. शांघायहून वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो. तिकीट पासपोर्टवरच निघतं, तेव्हा तो जवळ असू द्या. चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांची समाधी सुंदर आहे, पण तिथे ३९२ पायऱ्या आहेत. बहिणीला तिकडे नेऊ नका.

त्याऐवजी दक्षिणेचा झोंगहुआ दरवाजा गाठा. नावाला दरवाजा, प्रत्यक्षात एकामागे एक तीन चौक असलेला किल्लाच आहे. आत सत्तावीस भुयारी दालनं आहेत. त्यांत तीन हजार शिपाई दडून राहू शकत, असं सांगतात. तटावर घोडे चढवण्यासाठी दोन्ही बाजूंना रुंद उतार केलेले आहेत. तिथून सावकाश चढलात तर पायऱ्या टळतील.

वर जायच्या आधी मात्र कमानीच्या भिंतीजवळ थांबा. मिंग काळातला हा तट मूळचा सुमारे पस्तीस किलोमीटरचा, त्यातला पंचवीसेक अजून उभा आहे. त्याच्या विटा आपल्या विटेच्या दुप्पट लांब, रंगाने राखाडी. कित्येकींच्या कडेला अक्षरं उमटवलेली आहेत. मी गेले तेव्हा आमच्याबरोबरच्या दुभाषी मुलीने एका विटेवर बोट फिरवत मला वाचून दाखवलं : आधी जिल्हा, मग तालुका, मग देखरेख करणारा अधिकारी, मग भट्टीवाला आणि सगळ्यात शेवटी वीट पाडणारा माणूस. वीट कच्ची निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं, म्हणून ही नावं. हेतू शिक्षेचाच. पण त्यामुळे सहाशे वर्षांपूर्वी चिखल तुडवणाऱ्या माणसाचं नाव आज वाचता येतं. आपल्याकडे एवढे गड आहेत, त्यांचा चुना मळणाऱ्यांची नावं आपल्याला कुठे ठाऊक आहेत? त्या भिंतीपाशी माझा अर्धा तास गेला, आणि बाकीचे लोक पुढे निघून गेले.

१३ डिसेंबर १९३७ला जपानी सैन्य या शहरात शिरलं आणि त्यानंतरच्या सहा आठवड्यांत जी कत्तल झाली, तिचं स्मारकही इथे आहे. ते घाईत बघू नका. तिथून निघून लगेच खरेदीला जाणं मला तरी जमलं नाही. एकच दिवस असेल तर ते पुढच्या खेपेसाठी ठेवा.

संध्याकाळी चिनह्वाई नदीकाठी बसा. मांसाहार चालत असेल तर इथलं खारवलेलं बदक खा. ते थंडच वाढतात, आणि तसंच चांगलं लागतं.

भाच्याला चिनी वाचता येत असेल, तर एका तरी विटेवरचं शेवटचं नाव वाचून घ्या आणि मला कळवा.