भाचा दत्तक घेऊन कॅनडाला निघालात, तर आधी नणंदेशी बोला

तुम्ही विचारलंय की नणंदेचा मुलगा, जो जन्मापासून तुमच्याकडेच वाढतोय, त्याला रीतसर दत्तक घेऊन कॅनडाला नेता येईल का आणि जन्मदात्या आईबापांचा हक्क पुढे राहतो का. फॉर्म, फी, अर्ज कुठे करायचा हे सगळं 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या साइटवर आहे, ते परत लिहीत नाही. आम्हीही बडोद्याचेच, दांडिया बाजारातले. माझी मुलगी ही माझ्या धाकट्या जावेची मुलगी. आता ती इथे कॅनडात, ऑन्टारिओत हायस्कूलला आहे. तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

आधी कायदा सांगते. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे मूल द्यायला आईबाप दोघांची संमती लागते. मूल 15 वर्षांच्या आतलं हवं आणि मुलगा घेताय तर तुम्हाला स्वतःचा मुलगा नसावा. बहिणीचा मुलगा दत्तक चालत नाही, असं घरातलं कुणी वडीलधारं म्हणेल. तो जुना शास्त्रार्थ झाला, या कायद्यात तसं काही नाही. एकदा दत्तक झालं की कलम 12 प्रमाणे जन्मघराशी कायद्याचं नातं तुटतं आणि कलम 15 प्रमाणे ते रद्द होत नाही. तुम्हाला मूल परत देता येत नाही, मुलालाही परत जाता येत नाही. संस्थेकडे मूल सोपवणाऱ्या आईला बालकल्याण समितीपुढे सही केल्यावर फेरविचाराला 60 दिवस मिळतात. घरातल्या घरात देणाऱ्या आईला असे दिवस नाहीत. ओटीत घातलं, दत्तकपत्र झालं, संपलं.

कॅनडाचा व्हिसा अधिकारी हेच तपासतो: जुनं नातं कायद्याने तुटलंय का, जन्मदात्यांनी समजून-उमजून संमती दिली का आणि दत्तक नुसतं व्हिसासाठी तर घेतलेलं नाही ना. म्हणून दत्तकपत्र नोंदवूनच घ्या. ओटीत घालतानाचे फोटो आणि लसीकरणाचं कार्ड जपून ठेवा. हेग करार, म्हणजे परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, त्यातल्या देशात न्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी आणि 'कारा'ची ना-हरकत लागते. कॅनडा आणि भारत दोन्ही त्या करारात आहेत. आणि आधी तिकडे जाऊन मग दत्तक घेऊ, असं मुळीच करू नका. तसं केलं की ते दोन देशांमधलं दत्तक ठरतं आणि दोन्ही देशांच्या परवानग्यांमध्ये मूल बडोद्यात अडकून पडतं.

शाळेचं अजूनही डोक्यातून जात नाही. नर्सरीत नाव घातलं तेव्हा दत्तकपत्र झालेलं नव्हतं, त्यामुळे रजिस्टरला दिराचं नाव लागलं. पुढे दत्तकपत्र झालं, महापालिकेकडून नवीन जन्मदाखला मिळाला, पण शाळा काही नाव बदलायला तयार होईना. एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, हातात आली ती जुन्याच नावाची. जन्मदाखल्यावर एक बाप, एलसीवर दुसरा. मग प्रतिज्ञापत्र, त्याचं गुजरातीतून इंग्रजी भाषांतर, त्यावर नोटरी. या सगळ्यात माझी मुलगी क्लार्कच्या टेबलाशी उभी राहून ऐकत होती, की 'खरे पप्पा' कोण ते आधी ठरवून या. तिने घरी येऊन त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला ते आजही सहन होत नाही. तुमचा मुलगा लहान आहे, शाळेत नाव घालायच्या आत कागद पुरे करा.

एकटेपणाचं विचारलंत. पहिला हिवाळा जड जातो, मग माणसं मिळतात. मराठी मंडळ आहे, ज्वारीचं पीठही मिळतं. त्याची चिंता करू नका.

चिंता करायची ती दुसऱ्या गोष्टीची. आपल्या गावाला दत्तक म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. 1875 साली जमनाबाई महाराणींनी कवळाण्याच्या गोपाळरावाला मांडीवर घेतलं आणि त्याचे सयाजीराव महाराज झाले, हे आपण शाळेत जायच्या आधीपासून ऐकतो. त्यांची जन्मदाती आई उमाबाई. तिला काय वाटलं असेल, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

आमचं दत्तकपत्र गुजरातीत होतं. जाऊ माहेरची सांगलीची, तिला तेव्हा गुजराती लिपी वाचता येत नव्हती. वकिलांनी वाचून अर्थ सांगितला. सही करण्याआधी तिने माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनी, ही इथेच राहणार ना, आपल्या घरात?" मी हो म्हटलं आणि तेव्हा ते खरंच होतं, कॅनडा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढे व्हिसासाठी तिची संमती पुन्हा लागली, तेव्हा तिने काहीही न विचारता सही केली. आता ती रविवारी व्हिडिओवर येते, मुलगी तिला काकू म्हणते, सगळं माहीत असून. जेवलीस का, थंडी आहे का, एवढंच बोलतात दोघी.

इथे ऑन्टारिओत बाळ 7 दिवसांचं झाल्याशिवाय आईची संमती घेताच येत नाही आणि नंतर 21 दिवस तिला ती मागे घेता येते. हे मला कळलं तेव्हा मी जावेचाच विचार करत राहिले. तिला 21 दिवस काय, 21 महिने मिळाले असते तरी तिने सही मागे घेतली नसती. कारण पलीकडच्या खोलीत झोपणारी मुलगी तिने दिली होती. इतक्या लांब गेलेल्या मुलीसाठी ती हो म्हणाली असती का, हे तिला कधी कुणी विचारलंच नाही. कायद्याला त्याची गरज नव्हती. मला आहे, आणि विमानाने दरवर्षी गेलं तरी ती भागत नाही.

म्हणून दत्तकपत्र तुमच्या नणंदेला वाचता येईल अशा भाषेत करून घ्या, गुजरातीच लागत असेल तर मराठी प्रत सोबत ठेवा. कॅनडाचं तिला सहीच्या आधी स्पष्ट सांगा. सासूबाई आणि नंदावे समोर असतील तेव्हा नको, तेव्हा ती होच म्हणेल. तुम्ही दोघीच असाल तेव्हा विचारा आणि तिला उत्तराची घाई करू नका.