रंगाचा डबा शेवटी उघडा

प्रश्न : आमच्या आजोबांनी घेतलेला बी-२७५ ट्रॅक्टर गोठ्यामागच्या छपरात चौदा वर्षं उभा आहे. छप्पर दोन ठिकाणी गळतं. इंजिन फिरत नाही, बॉनेटला खालून भोकं पडलीत, रंगाची खपली निघते. यंदा खंडेनवमीला तो नव्या रंगात पूजेला उभा करायचा असं आम्हा भावांचं ठरलंय. धाकटा म्हणतो, दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढू, गिअरमध्ये टाकला की इंजिन सुटेल. रंग कोणता घ्यावा आणि घरी मारता येईल का?
– एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : धाकट्या भावाला आधी थांबवा. जाम इंजिन ओढून सोडवायची चूक मी स्वतः केलेली आहे. १९७९ साल, मृगाची गडबड. मी नुकताच स्वतंत्र कामं घ्यायला लागलो होतो. मालकाला पेरणीची घाई आणि मला हुशारी दाखवायची. ट्रॅक्टर ओढला, दहा-बारा पावलांत खाड्‌कन आवाज झाला आणि कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. त्या माणसानं दुभती म्हैस विकून जुना ब्लॉक आणला. मी मजुरी घेतली नाही, पण तेवढ्यानं त्याचं नुकसान भरलं नाही. तेव्हापासून जाम इंजिनाला दोर लावू दिलेला नाही.

असं का होतं ते समजून घ्या. तुमचं छप्पर गळतं आणि या ट्रॅक्टरचा सायलेन्सर आभाळाकडं तोंड करून उभा. इंजिन बंद पडताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतो, त्यात पाणी सरळ उतरतं. जुनी माणसं ट्रॅक्टर उभा केला की सायलेन्सरवर डालड्याचा रिकामा डबा पालथा घालायची, ते याचसाठी. पाणी पिस्टनवर साचतं, रिंगा आणि स्लीव्ह गंजून एकमेकांना धरतात. त्यात पाणी दाबलं जात नाही. वर पाणी आणि खालून पिस्टन रेटला, की रॉडच वाकणार.

आता हे करा. मोठी हत्यारं नकोत, दोन पाने आणि सबुरी पुरे. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, नट हळूच सैल करा, पूर्ण काढू नका. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं. आधी पाणी आलं तर इंजिनात किती पाणी गेलं होतं ते तिथंच कळेल. मग डिझेल फवारणारे चारही नोझल काढा आणि प्रत्येक भोकातून अर्धा कप डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं मिसळून ओता. भोकांवर स्वच्छ चिंधी कोंबा आणि आठ दिवस त्याला विसरा. रोज संध्याकाळी थोडं-थोडं वाढवलं तरी चालेल. आठव्या दिवशी स्टार्टर काढून फ्लायव्हीलच्या दात्यांना टॉमी लावा. पाव इंच पुढं, पाव इंच मागं, एवढंच. पहार घालून जोर करू नका, दाते तुटतात. नोझल काढलेलेच ठेवा, म्हणजे आतलं तेल-पाणी वाटेनं बाहेर येईल. ते पिचकारीसारखं उडतं, तोंड बाजूला ठेवा. पंधरा दिवसांत दाद दिली नाही तर हेड खोलावं लागेल, आणि ते काम हेड रोज खोलणाऱ्याकडूनच करून घ्या.

इंजिन सुटलं तरी लगेच सुरू करू नका. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, त्याला वार्निशासारखा वास येत असेल. टाकी फुटकी असली तरी घरी वेल्डिंग लावू नका. रिकाम्या टाकीतली वाफ पेट घेते, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त घातक. पंप आणि नोझल पंपरूमला, म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडं, तपासायला द्या. बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या, झाकणातून आत बॅटरीचा उजेड टाकून बघा. उंदरांनी तिथं घर केलं नसेल असा बंद ट्रॅक्टर मी पाहिलेला नाही, आणि त्यांच्या मुतानं क्लच प्लेट गंजते.

तुमच्या हातात काय आहे तेही सांगतो. हे मॉडेल मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टरचं, ब्रिटनमध्ये घडलेलं. १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि मुंबईत कांदिवलीला ते बनायला लागलं. १९७७ साली ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. त्यामुळं तुमच्या ट्रॅक्टरच्या पाटीवर कोणतं नाव आहे ते जपून वाचा. चार सिलिंडर, पस्तीस हॉर्सपॉवर. आज पस्तीस म्हणजे लहान वाटतं. बैलांच्या चार-पाच जोड्या लावून नांगरट करणाऱ्या माणसाला विचारा, पस्तीस म्हणजे काय होतं. ती पाटी घासू नका, तिच्यावर रंग ओढू नका. रिव्हेट जपून फोडून काढा, साबणाच्या पाण्यानं धुवा आणि काम झाल्यावर नव्या रिव्हेटनं होती तिथंच बसवा.

आता रंग. खंडेनवमीपर्यंत होणार नाही, आणि घाईत करू नये असंच मी म्हणेन. पावसाळ्यात दमट हवेत पत्रा सकाळी घासला की संध्याकाळी त्यावर तांबूस पूड दिसते, त्यावर प्राइमर मारला तर गंज आतच कोंडला जातो. नवरात्रानंतर करावं तर तुमच्याकडं साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. वाळवणावरच्या धोतरावर काळे कण पडतात ना, तेच ओल्या रंगावर पडतील. शेजारच्या फडात कुणी पाचट पेटवलं तर विचारूच नका. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की चैत्रात, सकाळी आठ ते अकरा, वारा सुटायच्या आत रंग मारा. मधले महिने इंजिन, धुलाई आणि पत्र्याला द्या. काम तेवढंच आहे. रंग मारणं हा त्यातला शेवटचा आणि सगळ्यांत छोटा भाग.

धुण्याआधी ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी), डिपस्टिकचं भोक, डायनामो, एअर क्लीनरचं तोंड प्लॅस्टिक आणि सुतळीनं बांधून घ्या. चिखल-ग्रीसचा थर लाकडी पट्टीनं खरवडा, मग डिझेलनं ब्रश, मग धुण्याचा सोडा टाकलेलं कढत पाणी. डिझेलचा हात राहिला की रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल-गोल सुटतो, म्हणून वाळल्यावर थिनरच्या बोळ्यानं पुसायचं, आणि बोळा काळा निघायचा थांबेपर्यंत पुसायचं. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी.

जुना रंग घासताना सावध राहा. त्या काळच्या रंगांत आणि प्राइमरांत शिसं असायचं. वाटेवरच्या म्हसोबाला फासतात तो अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म. तोच लोखंडाला प्राइमर म्हणून लावत. लाल थराखाली भगवट-शेंदरी थर लागला तर तो शेंदूर समजा. कोरडं घासू नका, वॉटर पेपर आणि पाणी वापरा, तोंडाला धूळ अडवणारा चांगला मास्क लावा, पोरं-बाळं आणि जनावरांची दावण लांब ठेवा, घासलेलं पाणी गोठ्याच्या डोणीकडं जाऊ देऊ नका. आज दुकानात मिळतो तो रेड ऑक्साइड वेगळा, त्यात लोखंडाचा गंजच रंग म्हणून असतो.

पत्र्याला वाळूचा मारा करून घेऊ नका. जाड लोखंडाला, रिमला चालतो. बॉनेटचा पत्रा त्यानं डगमगतो आणि परत सरळ होत नाही. ग्राइंडरला तारेचा कप लावून घासा. तार तुटून उडते, चष्मा लावल्याशिवाय बटण दाबू नका. खोल खड्ड्यातल्या गंजासाठी गंज मारायचं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण मिळतं. डब्यावर लिहिलंय तसं धुवा, उन्हात वाळवा आणि त्याच दिवशी प्राइमर. भोकाला पुट्टी भरू नका. पुट्टीला मागून आधार नसला की पहिल्या नांगरटीत निखळते. भोवतालचा कुजका पत्रा कापा, तेवढ्याच जाडीचा तुकडा थांबून-थांबून टिपक्यांनी वेल्ड करा, प्रत्येक टिपक्यावर ओलं फडकं धरा. पुट्टी शेवटी, दोन-तीन मिलिमीटरच्या आत.

रंग घरी मारता येईल. सिंथेटिक इनॅमल घ्या. मूळ छटा शोधायची तर नेमप्लेट होती तिथं, टाकीच्या पट्ट्याखाली, डॅशबोर्डच्या मागं बघा. उन्हानं लाल फिका पडून विटकरी होतो, त्या भागाचा तुकडा दुकानात नेऊ नका. रुपयाएवढी जागा बारीक वॉटर पेपरनं घासली की थर झाडाच्या वलयांसारखे दिसतात आणि किती वेळा कोणत्या रंगात रंगलाय ते वाचता येतं. इनॅमल पातळ करायला टर्पेन्टाइन. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा कुठलाही रंग या इनॅमलवर मारू नका, खालचा रंग उठून सुरकुत्या पडतात. गन पत्र्यापासून वीतभर धरा आणि हात थांबू देऊ नका. पहिला हात अर्धपारदर्शक दिसला पाहिजे. पहिल्याच हातात झाकायला गेलात तर रंग ओघळणार.

यंदा खंडेनवमीला तो आहे त्या रंगात, धुऊन, उभा करा. त्याच्यावर झेंडूची माळ चांगलीच दिसेल.

प्रश्न : पेंटर म्हणतो, गाड्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारा, चकाकतो आणि दहा वर्षं बघायला नको. त्याचं खरं मानावं का?
– एक वाचक, जि. अहिल्यानगर

उत्तर : चकाकतो हे खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. गनमधून उडालेला त्याचा फवारा फुफ्फुसात गेला की कायमचा दमा जडू शकतो, साधा मास्क त्याला पुरत नाही. पीयू मारायचाच तर रंगाची बंद खोली, म्हणजे बूथ, आणि बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या ठिकाणी द्या. घराच्या पडवीत नको, म्हणजे नकोच. शिवाय शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरला ओरखडे पडणार. इनॅमलचा ओरखडा तुम्ही ब्रशनं झाकाल, पीयूसाठी पुन्हा पेंटर बोलवावा लागेल.

प्रश्न : रंग बदलला तर आरटीओचं काय?
– एक वाचक, जि. जालना

उत्तर : आरसीवर रंग लिहिलेला असतो. तोच रंग ठेवलात तर प्रश्न नाही, बदललात तर नोंद करून घ्या. नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, त्याचा अर्ज नमुना २५. तपासणीत चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात. ग्राइंडर फिरवताना तो नंबर घासला गेला तर तुमच्याच ट्रॅक्टरवर संशय येतो. घासायच्या आधी त्यावर जाड चिकटपट्टी लावा, आणि प्राइमर-रंगाचा जाड थर त्यावर चढवू नका.

प्रश्न : वडील तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या ट्रॅक्टरच्या डाव्या मडगार्डवर त्यांनी स्वतः ब्रशनं ‘आई जगदंबा प्रसन्न’ आणि खाली आम्हा दोघी बहिणींची नावं लिहिली आहेत. अक्षरं वेडीवाकडी आहेत, निम्मी उडाली आहेत. रंगकाम करणारा म्हणतो, सगळं घासून नवं काढून देतो, मशीनवर कापलेलं स्टिकरसारखं. मला ठरवता येत नाही.
– एक वाचिका, जि. सातारा

उत्तर : ताई, घासू देऊ नका. तुमचं पत्र वाचून मी लगेच उत्तर लिहायला बसलो, कारण अशी एक चूक माझ्या डोळ्यांदेखत झालेली आहे. आमच्या वर्कशॉपात एका ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सच्या झाकणावर आतून खिळ्यानं कोरलेले आकडे होते. पोरानं ते घासून गुळगुळीत केलं. मालक आला, झाकण उघडून बघत राहिला. त्याच्या वडिलांनी दर वर्षीच्या पहिल्या नांगरटीची तारीख तिथं कोरलेली होती. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

बाकी ट्रॅक्टर नवा रंगवा, ते मडगार्ड मात्र आहे तसं राहू द्या. एक जुनं आणि एक नवं असं विजोड दिसेल, दिसू द्या. आधी बटर पेपर लावून पेन्सिलनं सगळी अक्षरं उतरवून घ्या, जिथं रंग उडालाय तिथं तुटक रेघ काढा. उजेड तिरका असताना, म्हणजे सकाळी किंवा उन्हं उतरताना, फोटो काढा. उडालेल्या अक्षरांचा उंचवटा तेव्हा दिसतो. मग मऊ फडक्यानं आणि साध्या साबणाच्या पाण्यानं पुसा. रॉकेल, थिनर काही नको. गंज मागच्या बाजूनं येतो, म्हणून मडगार्ड काढून आतली बाजू तेवढी घासा, प्राइमर आणि रंग द्या. पुढच्या बाजूला क्लिअर कोट मारायचा मोह होईल, पण त्यातलं थिनर जुनी अक्षरं विरघळवू शकतं. साधं मेण लावा, वर्षातून दोनदा, आणि पार्किंग सावलीत.

रंगकाम करणाऱ्याला गन हातात घ्यायच्या आधी ते मडगार्ड सोडवून घरात आणून ठेवायला सांगा. नुसता कागद चिकटवून झाकलं तर कडेनं फवारा आत जातो, आणि नंतर चिकटपट्टी ओढताना तिच्याबरोबर तुमच्या नावाचं अक्षर निघून यायचं.